हृदयाचा ताल आणि व्यायामाचें माप

माटुंग्याच्या पांच बागांभोंवतीं पहांटे साडेपांचपासून माणसांची वर्दळ सुरू होते. कोणी काठी टेकीत सावकाश फेऱ्या घालतो, कोणी झपझप चालतो, तर कोणी जानेवारींतील मॅरॅथॉन डोळ्यांपुढें ठेवून धांवत असतो. हा भाग जणूं फिरण्यासाठींच आंखला गेला. १८९६ सालच्या प्लेगनें दाट वस्तीची मुंबई हादरली, १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि पुढें या ट्रस्टनें दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर रुंद रस्ते, झाडें आणि बागा यांची वस्ती उभी केली. घरांत हवा खेळावी आणि बाहेर माणसाला मोकळेपणीं वावरतां यावें, हा त्यामागचा हेतु. त्याचें फळ शंभर वर्षांनंतरही येथील पायवाटांवर रोज सकाळीं दिसतें.

या मंडळींत साठी उलटलेले पुष्कळ असतात, आणि वय वाढतें तसें हृदयाचा ताल बिघडण्याचें प्रमाणही वाढतें. मग एखाद्यापुढें असा प्रश्न उभा राहतो : ताल चुकतो असें कळल्यावर चालणें, धांवणें, पोहणें चालू ठेवावें कीं सोडून द्यावें? घरचीं माणसें एक सांगतात, बागेंतले सोबती दुसरें सांगतात, आणि मनांतली भीति तिसरेंच कांहीं सांगते. या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. परंतु तें देतां येतच नाहीं असेंही नाहीं.

प्रथम हृदयाचा ताल म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. हृदय ही मुठीएवढी स्नायूची पिशवी. तिला चार कप्पे असतात : दोन वर, दोन खालीं. वरचे कप्पे आलेलें रक्त खालीं ढकलतात. खालचे कप्पे तें फुप्फुसांकडे आणि सर्व शरीराकडे पाठवितात. मिनिटाला सत्तर ठोके धरले तरी दिवसाचे एक लाखाच्या वर होतात. या ठोक्यांना हुकूम देणारा लहानसा ठिपका उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांत असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांनीं तो १९०७ सालीं शोधून काढला. तेथून विजेची सूक्ष्म लहर निघते, वरच्या कप्प्यांत पसरते, मधल्या एका चौकीवर क्षणभर थांबते आणि मग खालच्या कप्प्यांत उतरते. ही चौकी जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तावारा यांनीं १९०६ सालीं दाखवून दिली होती. लहरीचा आलेख काढणारें यंत्र हॉलंडच्या आइंटहोव्हेन यांनीं सिद्ध केलें व त्यासाठीं त्यांना १९२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. दवाखान्यांत ज्याला ई. सी. जी. म्हणतात, तो आलेख त्या यंत्राचाच वारसा होय.

ताल चुकतो म्हणजे दर वेळीं एकच गोष्ट घडते असें नाहीं, आणि लोकांच्या मनांतील गोंधळाचें मूळ येथेंच आहे. पहिला प्रकार असा कीं, मध्येंच एखादा ठोका वेळेआधीं पडतो. मग क्षणभर पोकळी जाणवते आणि पुढचा ठोका छातींत जोरानें आदळतो. असे तुरळक ठोके निरोगी माणसांतही आढळतात आणि हृदय एरव्हीं सुदृढ असेल तर बहुधा निरुपद्रवी असतात. दुसऱ्या प्रकारांत वरचे कप्पे नीट आकुंचन न पावतां मिनिटाला साडेतीनशें ते सहाशें या वेगानें नुसते थरथरत राहतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. मधली चौकी त्यांतल्या थोड्याच लहरी खालीं सोडते म्हणून रक्ताभिसरण चालू राहतें. पण नाडी अगदीं बेताल होते. तिसऱ्या प्रकारांत खालच्या कप्प्यांतच वेगवान ताल उठतो, आणि तो कधीं कधीं प्राणावर बेततो. हीं तीन निराळीं दुखणीं आहेत. तिन्हींना एकच नियम लावणें म्हणजे सर्दी, दमा आणि क्षय यांना एकच काढा देण्यासारखें आहे.

हा भेद वैद्यकाला कळला त्याला फार काळ झालेला नाहीं. इंग्लंडांतील बर्न्ली या गिरणगांवांत जेम्स मॅकेंझी नांवाचे एक डॉक्टर होते. त्यांनीं नाडीचा आलेख घेणारें एक उपकरण तयार केलें आणि त्याच त्याच रोग्यांकडे वर्षानुवर्षें लक्ष ठेवलें. ज्यांच्या नाडींत अधूनमधून जादा ठोके पडत त्यांचें पुढें काय होतें, हें त्यांना पाहावयाचें होतें. पुष्कळांचें कांहींच बिघडलें नाहीं, असें त्यांना आढळून आलें. तोंपर्यंत अशा किती तरी माणसांना कामधंदा सोडून पडून राहण्याचा सल्ला मिळत असे. पुढें १९०९ सालीं थॉमस लुईस यांनीं विद्युत्-आलेखाच्या साह्यानें दाखविलें कीं, पूर्णपणें बेताल नाडीमागें वरच्या कप्प्यांची ती थरथर असते. निरुपद्रवी चूक कोणती आणि उपचार मागणारी चूक कोणती, हें वेगळें ओळखण्याचा मार्ग अशा रीतीनें मोकळा झाला.

याच लुईस यांच्याकडे पहिल्या महायुद्धांत हजारों सैनिकांचा प्रश्न आला. धडधड, धाप आणि थकवा यांमुळें हे तरुण 'हृदयाचे रोगी' ठरून रुग्णालयांत पडून होते. लुईस यांनीं त्यांना बिछान्यावरून उठविलें, सोप्या कवायतीपासून आरंभ करून पायरीपायरीनें मेहनत वाढविली, आणि बरेच जण पुन्हां कामाला लागले. त्यांतील बहुतेकांचें हृदय मुळांत रोगी नव्हतें, ही गोष्ट खरी. तरीही त्या प्रयोगानें एक धडा दिला : विश्रांति हेंही औषध आहे, आणि त्याचीही मात्रा अधिक होऊं शकते.

ती मात्रा अधिक झाली म्हणजे काय होतें, हें अमेरिकेंतील डलास येथें १९६६ सालीं दिसून आलें. पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर झोपवून ठेवलें आणि मग त्यांची मेहनतीची शक्ति मोजली. तीस वर्षांनंतर त्याच पांच जणांची पुन्हां तपासणी झाली. तीस वर्षांच्या वाढत्या वयानें जेवढी शक्ति गेली, त्यापेक्षां अधिक त्या तीन आठवड्यांनीं हिरावून घेतली होती! निरोगी तरुणाची ही स्थिति, मग साठी ओलांडलेल्या माणसाला महिनोन्महिने खुर्चींत बसविलें तर त्याचें काय होईल, हें सांगण्याची गरज नाहीं.

तर मग वाटेल तितकें धांवावें काय? तसेंही नाहीं. स्वीडनमध्यें दर वर्षीं बर्फावरून नव्वद किलोमीटर घसरत जाण्याची व्हासालोपेट नांवाची शर्यत होते. तींत भाग घेतलेल्या बावन्न हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. एकदांच शर्यत पुरी करणाऱ्यांच्या मानानें पांच किंवा अधिक वेळां ती पुरी करणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशनचें प्रमाण सुमारें तीस टक्क्यांनीं अधिक निघालें. वर्षानुवर्षें तासन् तास रक्ताचा मोठा भार वाहून वरचे कप्पे ताणले जातात, आणि कसलेल्या व्यायामपटूची विश्रांतीच्या वेळची नाडी फार मंद होते; या दोन गोष्टी ती थरथर सुरू होण्यास अनुकूल ठरतात, असें संशोधक मानतात. न्यूझीलंडचे नौकापटु रॉब वॉडेल यांनीं २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्यें एकट्यानें वल्हविण्याच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. त्यांना हाच विकार होता, आणि २००८ सालच्या ऑलिंपिकसाठीं झालेल्या निवडीच्या निर्णायक शर्यतींत तोच त्यांच्या आड आला. सुवर्णपदक मिळविणारें शरीरही या दुखण्यापासून मुक्त नसतें, आणि हें दुखणें असतांही माणूस वल्हें हातीं धरूं शकतो, अशा दोन्ही गोष्टी या एका उदाहरणांत दिसतात.

येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे. हा धोका अनेक वर्षें अतिशय कष्टाचा व्यायाम करणाऱ्यांचा, विशेषतः पुरुषांचा आहे. बागेभोंवतीं तासभर चालणाऱ्यानें त्याचा आधार घेऊन घरीं बसूं नये. उलट, मध्यम व्यायाम हा या विकारावरचा एक उपाय ठरूं पाहत आहे. नॉर्वेंतील ट्रॉन्डहाइम येथें एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या ५१ रुग्णांवर प्रयोग झाला आणि त्याचा अहवाल २०१६ सालीं आला. निम्म्यांना देखरेखीखालीं आठवड्यांतून तीनदां, असा बारा आठवडे व्यायाम दिला. बाकीच्यांचा दिनक्रम पूर्वींचाच ठेवला. व्यायाम करणाऱ्यांच्या हृदयाचा बेताल राहण्याचा काळ घटला, न करणाऱ्यांचा घटला नाहीं. ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड येथील डॉक्टरांनींही स्थूल रुग्णांच्या बाबतींत २०१५ सालीं असेंच दाखविलें : ज्यांची मेहनतीची शक्ति वाढली, त्यांच्यांत विकार उलटण्याचें प्रमाण कमी झालें.

याचें एक कारण समजण्यास सोपें आहे. या दुखण्याच्या मुळाशीं पुष्कळदां वाढलेला रक्तदाब, वाढलेलें वजन, मधुमेह, मद्य किंवा झोपेंत श्वास अडकण्याची खोड असते. रक्तदाबाच्या बाबतींत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाचें नांव जगभर गेलेलें आहे. तेथील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं आपल्या देशांतील सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरील गुण पारखला आणि १९४९ सालीं ब्रिटनच्या हृदयविषयक नियतकालिकांत तो प्रसिद्ध केला. १९५७ सालीं त्यांना लास्कर पारितोषिक मिळालें. आज त्याहून चांगलीं औषधें आहेत. परंतु नियमित चालण्यानें दाब उतरतो, वजन आटोक्यांत राहतें आणि झोप सुधारते. म्हणजे व्यायाम ठोक्याला हात न लावतां ठोका बिघडविणाऱ्या कारणांना हात घालतो.

म्हणून खरा प्रश्न व्यायाम करावा कीं न करावा हा नसून किती करावा हा आहे. आपल्या जुन्या वैद्यकानें त्याचें उत्तर देऊन ठेवलें आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयांत अर्ध्या शक्तीनें व्यायाम करण्यास सांगितलें. अर्धी शक्ति ओळखावी कशी, तें सुश्रुतानें सांगितलें : श्वास तोंडावाटे घ्यावा लागूं लागला कीं अर्धें बळ खर्च झालें असें समजावें. आजचे डॉक्टर सांगतात कीं, चालतांना सोबत्याशीं बोलतां यावें, पण गाणें म्हणतां येऊं नये, इतपत वेग असावा. दोन्ही कसोट्यांचें मर्म एकच आहे. ज्याची नाडी बेताल आहे त्याला ही कसोटी विशेष उपयोगी पडते. कारण मनगटावरील घड्याळ अशा नाडीचे आंकडे चुकवूं शकतें, आणि ठोक्यांचा वेग कमी करणारीं औषधें चालू असतां २२० मधून वय वजा करण्याचा हिशेब लागू पडत नाहीं.

आतां एका घराचें चित्र मनाशीं कल्पावें. बासष्ट वर्षांचे गृहस्थ, बँकेंतून निवृत्त झालेले, रोज सकाळीं बागेला सहा फेऱ्या घालणारे. एके दिवशीं ई. सी. जी. मध्यें ताल चुकलेला दिसतो. मुलगा म्हणतो, "बाबा, उद्यांपासून फिरणें बंद. दूध मी आणीन, जिनाही तुम्ही फार चढूं नका." पत्नी देवापुढें दिवा लावून म्हणते, "अहो, ऐका त्याचें." हें सारें प्रेमापोटींच असतें. परंतु सहा महिन्यांत वजन वाढतें, दाब चढतो, दुसऱ्या मजल्यावर जातांना धाप लागते, आणि घरांत सर्वांना वाटतें कीं हृदय बिघडत चाललें! खरें पाहतां पाय, फुप्फुसें आणि मन हीं तिन्ही एकदम दुबळीं झालेलीं असतात. याच्या उलट, बागेंतला एखादा सोबती असतो, तो म्हणतो, "कांहीं होत नाहीं हो, माझ्याबरोबर एकवीस किलोमीटर पळा, ताल आपोआप जागेवर येईल." त्या मुलाची काळजी आणि या सोबत्याची फुशारकी, दोन्हींत एकच उणीव आहे : दुखणें कोणतें आणि हृदय किती झेपवूं शकतें, हें कोणीं विचारलेलेंच नाहीं.

तें विचारण्याची रीत ठरलेली आहे. प्रथम आलेखानें विकाराचा प्रकार निश्चित करावा. ठोका कधीं चुकतो कधीं चुकत नाहीं, असें असेल तर चोवीस तास किंवा अधिक काळ अंगावर वागविण्याचें नोंदयंत्र मिळतें. मग ध्वनिलहरींनीं हृदयाचें चित्र घेऊन झडपा आणि स्नायु पाहावे, थायरॉइडची व रक्ताची तपासणी करावी, आणि जरूर तर चालत्या पट्ट्यावर डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत मेहनत करून घ्यावी. एवढें झाल्यावर डॉक्टर जें माप ठरवून देतील त्यापासून आरंभ करावा. पहिल्या आठवड्यांत सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटें पुरतात. पुढें थोडें थोडें वाढवीत न्यावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्याला दीडशें ते तीनशें मिनिटें मध्यम व्यायाम सांगितला आहे. ज्याला तेवढा झेपेल त्यानें तेथवर जावें. आरंभीं पांच मिनिटें हळू चालून अंग ऊब धरूं द्यावें आणि शेवटीं एकदम न थांबतां वेग हळूहळू उतरवावा. मुंबईच्या दमट हवेंत घाम फार जातो, म्हणून एप्रिल-मेमध्यें उन्हापूर्वींच फेरी संपवावी व पाणी पीत राहावें. ताप, जुलाब किंवा जागरण झालें असेल त्या दिवशीं विश्रांति घ्यावी. फेरीनंतर किंग्ज सर्कलच्या उडप्याकडे पेलाभर कॉफी घेतली तर तिचा बाऊ करण्याचें बहुतेकांना कारण नाहीं. मद्याची गोष्ट मात्र निराळी आहे, तें या विकाराला खरोखरच उठवितें.

नाडी पाहण्यास प्रत्येक घरांत शिकावें. श्रोत्यांनीं हवें तर आतांच करून पाहावें : मनगटावर अंगठ्याच्या मुळाशीं तीन बोटें हलकेंच ठेवावीं आणि पुरें एक मिनिट मोजावें. शांत बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी बहुधा साठ ते शंभर असते; रोज धांवणाऱ्याची पन्नासच्या खालींही असूं शकते. संख्येइतकेंच तालाकडे लक्ष द्यावें. एखादा ठोका गळणें ही एक गोष्ट आणि दोन ठोके सारख्या अंतरावर पडतच नाहींत ही दुसरी. दुसरी आढळली तर भिऊं नये, पण आलेख काढल्याशिवाय स्वस्थही बसूं नये.

स्वस्थ कां बसूं नये, याचें कारण गंभीर आहे. वरचे कप्पे थरथरत राहिले कीं त्यांच्या कोपऱ्यांत रक्त सांकळतें आणि गुठळी होऊं शकते. ती मेंदूंत जाऊन अडकली तर पक्षाघात होतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्यें हा धोका सुमारें पांचपट असतो. म्हणून वय, रक्तदाब, मधुमेह इत्यादि पाहून डॉक्टर गुठळी न होऊं देणारें औषध देतात. बरें वाटतें, रोज फिरतों, मग गोळी कशाला, असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो. तो घातक आहे. व्यायाम गोळीची जागा घेत नाहीं. तें औषध चालू असतां रक्त लवकर थांबत नाहीं, म्हणून रहदारींतली सायकल किंवा धक्काबुक्कीचे खेळ टाळून चालणें किंवा पोहणें पत्करावें, आणि पोहतांना कोणी तरी सोबत असावें. ज्यांचा त्रास औषधांनीं आटोक्यांत येत नाहीं, त्यांना नळीवाटे हृदयांत जाऊन चुकीच्या लहरींची वाट बंद करण्याची शस्त्रक्रिया आहे. फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनीं १९९८ सालीं त्या लहरींचें उगमस्थान दाखवून तिचा पाया घातला.

कांहीं लक्षणें मात्र अशीं आहेत कीं तेथें माप पाहत बसूं नये, तत्काळ थांबावें. मेहनत करतांना शुद्ध हरपणें, छातींत दाटून येणें, एकाएकीं असह्य धाप लागणें, किंवा धडधड थांबल्यावरही न ओसरणें, यांपैकीं कांहींही झालें तर पुन्हां व्यायाम करण्यापूर्वीं तपासणी झालीच पाहिजे. घराण्यांत कोणी तरुणपणीं अकस्मात् गेलें असेल तर तें डॉक्टरांना आपण होऊन सांगावें. तोंड वांकडें होणें, एक हात लुळा पडणें, बोलणें अडखळणें, हीं पक्षाघाताचीं चिन्हें. त्यांत मिनिटें मोलाचीं असतात. आणि कोणी रस्त्यांत कोसळला, हांक मारून ओ देत नाहीं, श्वासही नीट चालत नाहीं, तर १०८ क्रमांकाला फोन करावयास सांगून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनीं जोरानें दाब देऊं लागावें. मिनिटाला शंभर ते एकशें वीस वेळां आणि सुमारें पांच सेंटिमीटर खोल. १२ जून २०२१ रोजीं कोपनहेगन येथें डेन्मार्कचा फुटबॉलपटु क्रिश्चन एरिक्सन खेळतां खेळतां कोसळला. मैदानावरच दाब आणि विजेचा धक्का मिळाल्यामुळें तो वांचला, छातींत ताल राखणारें यंत्र बसवून घेतलें आणि २०२२ सालीं पुन्हां मैदानांत उतरला. सर्वांनाच तसें उतरतां येईल असें नाहीं. पण शेजारच्या माणसाचे हात वेळेवर चालले तर काय होऊं शकतें, तें त्यावरून कळतें.

ताल चुकणाऱ्या हृदयाशीं संसार करणें हें कांहीं अंशीं वृद्ध आप्ताला सांभाळण्यासारखें आहे. त्याची उपेक्षा करून चालत नाहीं, आणि त्याला कोंडून ठेवूनही चालत नाहीं. त्याचें काय दुखतें तें जाणकाराला विचारावें, औषध वेळेवर द्यावें, त्याच्या पावलानें चालावें, आणि तो थांबा म्हणाला कीं थांबावें. घरच्या माणसांनीं "फिरूं नका" असें न म्हणतां "चला, बरोबर येतों" असें म्हटलें, तर रुग्णाची भीति निम्मी होते आणि म्हणणाऱ्याच्याही प्रकृतीला चार पावलांचा लाभ होतो.